रजेवरची कार्डं

गेल्या वर्षी होळी करून टोळी गावाहून परतली, त्या सकाळी सुगी पॅकहाऊसच्या दाराने भागीबाईला ओळख दिली नाही.

सुगी पॅकहाऊस सायखेड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. निफाड तालुक्यातल्या बागांमधली द्राक्षं इथे येतात, निवडली जातात, लहान डब्यांत भरली जातात आणि कंटेनरमधून परदेशी जातात. निवडायचं काम बायकांचं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायका सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरून हंगामापुरत्या येतात आणि पॅकहाऊसच्या मागच्या खोल्यांत राहतात. भागीबाई त्या टोळीची मुकादम. माल कोणाकोणाच्या हाताखालून गेला हे कळलं पाहिजे, अशी परदेशी खरेदीदाराची अट. म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात कार्ड आणि दाराशी यंत्र. कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागायचा आणि फिरतं दार एका माणसापुरतं फिरायचं.

त्या सकाळी लाल दिवा लागला. भागीबाईने कार्ड पदराला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. मागच्या बाईने टेकवलं, तिच्या मागच्या बाईने टेकवलं. अख्ख्या टोळीला लाल. पॅकहाऊसचा व्यवस्थापक रविराज बोरस्ते धावत आला, वॉचमनवर ओरडला, फोनावर फोन लावू लागला. अंगणात भरल्या क्रेटचे ट्रॅक्टर उन्हात उभे. ऊन चढलं, पण दार काही हललं नाही.

शेवटी भागीबाईने गाठोडं उचललं. "भाऊ, आमी सणाला गेलतो. चोरी करायला नाय गेलतो," म्हणाली आणि टोळी घेऊन रस्त्याला लागली.

रविराजने पुष्कळ विनवण्या करून तिला परत आणलं, पण तोवर अर्धी टोळी दिंडोरीकडच्या दुसऱ्या पॅकहाऊसला लागली होती. भागीबाई आली ती एक गोष्ट सांगूनच: "पुढच्या शिमग्याला पुन्हा तांबडा दिवा लागला, तर आमीबी तिकडंच." रविराजने हेच वाक्य आपल्या भाषेत नाशिकला कळवलं. दाराची व्यवस्था बघणारी कंपनी अंबड लिंक रोडवर होती. "पुढच्या होळीला असं झालं तर तुमचं यंत्र उचला आणि घेऊन जा. मी वही देऊन दारात माणूस बसवीन," तो फोनवर म्हणाला.

हे नेमकं कशामुळे झालं ते शोधायचं काम हर्षाली मौलेकडे आलं.

हर्षालीने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि ती या कंपनीत चार वर्षं होती. बोलायला कमी. ऑफिसात तिची एक गंमत सांगत. हर्षालीला 'चहा घेणार का' असं विचारलं की ती म्हणते, 'आत्ता, की तुम्ही कराल तेव्हा?' ती हसायची आणि तरीही तेच विचारायची.

कारण सापडायला तिला वेळ लागला नाही. रोज पहाटे सिस्टिममध्ये एक काम आपोआप चालायचं. ज्या कार्डाचा आठवडाभर वापर झालेला नाही ते बंद करायचं, एवढंच ते काम. हरवलेली, सोडून गेलेल्यांची कार्डं चालू राहू नयेत म्हणून कोणीतरी ते लिहिलं होतं. टोळी होळीला गेली, आठवडा उलटला, आणि एका पहाटे त्या कामाने इमानेइतबारे सगळ्या टोळीची कार्डं बंद केली. काहीही बिघडलं नव्हतं. जे सांगितलं होतं ते झालं होतं.

ती वरिष्ठांकडे गेली. स्वराज जेजुरकर कंपनीतला सगळ्यात जुना इंजिनिअर, हुशार आणि घाईतला.

"सर, हे काम कोणाचं आहे?"

"कोणाचं म्हणजे? सिस्टिमचं."

"ते कोणी लावलं, कोणाच्या सांगण्यावरून, कधीपर्यंत चालवायचं, यातलं काही कुठे दिसत नाही. प्रोग्रामच्या पोटात एक ओळ आहे फक्त. ज्याने लिहिली तो पुण्याला गेला."

"मग आता आठवड्याच्या जागी महिना टाक आणि मोकळी हो."

"म्हणजे हरवलेलं कार्ड महिनाभर चालू राहील. ऑडिटरने मागच्या खेपेला नेमकं तेच विचारलं होतं."

"होळीच्या आधी आठवण करून दे, मी हाताने बंद करीन ते काम."

"तुम्ही होळीला गावी जाता, सर."

स्वराजला हसू आलं. त्याने खुर्ची मागे ढकलली. "बरं. तुला काय पाहिजे?"

"स्कीमात जागा."

स्कीमा म्हणजे सिस्टिमचा साचा. कुठल्या गोष्टीची नोंद ठेवायची आणि त्या नोंदीत कोणकोणते रकाने असायचे हे तिथे ठरतं. त्या साच्यात माणूस होता, कार्ड होतं, विभाग होता, दार होतं. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम मात्र नव्हतं.

"आपल्याकडे भागीबाईंची नोंद आहे," हर्षाली म्हणाली. "वॉचमनची आहे. कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईंची आहे. कोण, कधी लागल्या, कधीपर्यंत आहेत, त्यांच्यावर कोण. आणि जे रोज पहाटे उठून या सगळ्यांना दाराबाहेर ठेवू शकतं, त्याची नोंद नाही. ज्याच्या हातात एवढा अधिकार आहे त्याला आधी नाव पाहिजे, सर. आणि मालक पाहिजे."

ती एका दमात इतकं बोलत नसे. स्वराजने खुर्ची पुढे ओढली.

"कर. पण हे तुझ्या नावावर. पुढच्या होळीला दिवा लाल लागला तर रविराजभाऊंसमोर तू उभी राहायचंस. मी नाही."

"राहीन," हर्षाली म्हणाली.

पावसाळ्यात ती त्या साच्याला बसली. कामाचं नाव. ते काय करतं. कोणाला लागू आहे. कधी चालतं. शेवटचं कधी चाललं आणि तेव्हा त्याने काय केलं. मालकाच्या रकान्यात माणसाचं नाव घालायचं नाही, पद घालायचं, असं तिने ठरवलं. माणूस पुण्याला जातो, पद जागेवर राहतं. इथवर सगळं सरळ होतं. 'रजा' नावाच्या रकान्यापाशी मात्र गाडी अडली. कोणत्या दिवसांत या कामाने टोळीला हात लावायचा नाही ते तिथे लिहायचं होतं. तारखा घालाव्यात, तर होळी दर वर्षी सरकते. यंदाच्या तारखा पुढच्या वर्षी खोट्या. कोणीतरी दर वर्षी आठवणीने बदलायच्या म्हटलं, की फिरून तेच, स्वराजची होळी गावी.

मौल्यांचं घर मखमलाबादला, मळ्यातच. वडील पुंजा मौले फुलं आणि भाजी करायचे. रविवारी हर्षाली खाली आली तेव्हा ते झेंडूच्या रोपांचे ट्रे उतरवून घेत होते.

"आप्पा, एवढ्या घाईत लावताय? मागच्या वर्षी तर उशिरा लावला होता."

"मागच्या वर्षी दसरा उशिरा होता."

"यंदा कोणत्या तारखेला आहे?"

"मला काय माहीत? कॅलेंडरात असंल." पुंजाआप्पांनी रोपाची मूठ सोडवून वाफ्याच्या कडेला ठेवली. "तारीख ध्यानात ठेवून झेंडू येतो का? दसरा धरायचा आणि मागं मोजायचं. दसरा सरकला की लावणी सरकली. तुझी आजी हेच करायची, तिला तारखा वाचताच येत नव्हत्या."

हर्षाली बांधावर तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. मी उगाच तारखा लिहीत बसले होते."

"हात रिकामे असतील तर पाणी सोड त्या सरीला."

तिने पाणी सोडलं, चिखलाने भरलेले पाय धुतले आणि त्याच दुपारी साच्यात आणखी एक गोष्ट घातली. तिला तिने 'प्रसंग' असं नाव दिलं. होळी हा प्रसंग. पाडवा हा प्रसंग. त्यांच्या येत्या कित्येक वर्षांच्या तारखा पंचांगावरून एकदाच भरून ठेवायच्या. कामाच्या नोंदीत तारीख लिहायचीच नाही, 'होळीच्या आधी इतके दिवस' एवढंच लिहायचं. होळी सरकली की रजा आपोआप सरकणार.

रजेची सुरुवात अशी सुटली. शेवट अजून सुटायचा होता.

डिसेंबरअखेर टोळी आली तेव्हा हर्षाली सायखेड्याला गेली. भागीबाई खोलीपुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. पन्नाशीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी बाई. तिने हर्षालीला बसायला गोणपाट दिलं.

"तूच का गं ती दारवाली?"

"हो, मावशी. होळीला जाता ते परत कधी येता, हे विचारायला आले."

"शिमगा झाला की."

"म्हणजे होळीच्या दुसऱ्या दिवशी?"

भागीबाई हसली. आतून एका तरुण बाईचं हसू ऐकू आलं. "दुसऱ्या दिशी कसं? आमचा शिमगा असा एका दिवसात होतो का? सोंगं निघत्यात. बाजार भरतो. मग रंगपंचमी. मग भगत सांगतो, आता जा. मग निघतो."

"भगत कधी सांगतो?"

"त्याच्या मनाला येईल तवा."

हर्षालीने पेन खाली ठेवलं. शेवटाला तारीख नव्हती, सणही नव्हता.

"तुम्ही निघता तेव्हा सगळ्या एकत्रच निघता ना, मावशी? तुमच्याआधी कोणी एकटी येते का?"

"माझ्याआधी?" भागीबाईच्या आवाजात मुकादमीण जागी झाली. "कोणाची टाप हाय? मी निघाली की टोळी निघाली. मी उतरली की टोळी उतरली."

"मग तुमच्यावरच ठरवते. होळीच्या आधी ठरल्या दिवशी तुम्ही गेलात की सगळ्यांची कार्डं रजेवर. बंद नाही, रजेवर. तुम्ही येऊन कार्ड टेकवलंत की टोळी परत आली असं दार समजेल आणि सगळ्यांची कार्डं जागी होतील."

भागीबाईने सूप बाजूला ठेवलं. हे तिला आवडलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हंजी माझ्याबिगर कोणाला आत जाता यायचं नाय."

"नाही. पण एक अडचण आहे. तुम्हाला यायला उशीर झाला, तब्येत बिघडली, तर? तुमच्या जागी कोण ते सांगून ठेवा."

"मला काय व्हतंय?"

"काही होणार नाही, मावशी. तरी सांगा. तो रकाना रिकामा सोडता येत नाही."

"का बरं सोडता येत नाय?"

"मी तसा केलाय."

भागीबाईने तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग आत एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "सून हाय माझी, सविता. चार बुकं शिकलेली. माझं एक ऐकत नाय. पन येळेला उभी राहती. तिचं लिव." आणि हर्षाली लिहीत असताना तिचा हात धरून म्हणाली, "तिला सांगू नको हां. डोक्यावर बसंल."

ऑफिसात हा साचा पडद्यावर लावला तेव्हा स्वराजने दोन ठिकाणी बोट ठेवलं.

"रजेला शेवटची तारीखच नाही? बाई आलीच नाही तर ही कार्डं जन्मभर रजेवर राहतील. ऑडिटर फाडून खाईल."

"आहे ना, सर. मुकादम परतेपर्यंत, किंवा पाडव्यापर्यंत. जे आधी होईल ते. पाडव्यापर्यंत टोळी आली नाही तर कार्डं पक्की बंद. आणि रजेवर असताना कार्डाने दार उघडत नाही, त्यामुळे मधल्या काळात हरवलं तरी कोणाच्या उपयोगाचं नाही."

स्वराजने मान हलवली. "हे चांगलंय. पण ही दुसरी भानगड? प्रत्येक पदाला बदली माणूस, आणि तोही सक्तीचा? लोकांना एक नाव भरायचा कंटाळा, तू दोन मागतेस. ठेव रकाना, पण रिकामा सोडता येऊ दे."

"रिकामा सोडता आला तर सगळे रिकामाच सोडतील."

"हर्षाली, एवढं कोण बघतं?"

"दार बघतं, सर."

खोलीतली बाकीची मंडळी हसली. स्वराजने हात वर केले. "तुझ्या नावावर आहे. ठेव."

मार्चमध्ये होळी आली. टोळी गाठोडी बांधून दोन क्रूझर गाड्यांतून डोंगराकडे गेली. त्या आठवड्यात हर्षाली रोज ऑफिसात आल्या आल्या एकच नोंद उघडून बघे. काम पहाटे चाललेलं असायचं. हंगाम संपायच्या आधीच सोडून गेलेल्या एका ड्रायव्हरचं कार्ड त्याने बंद केलं होतं. टोळीपाशी येऊन मात्र ते थांबलं होतं आणि पुढे स्वच्छ लिहिलेलं होतं: प्रसंग होळी, मुकादम परतेपर्यंत रजा. पहिल्यांदाच कोणालाही बघता येत होतं, की पहाटेच्या अंधारात सिस्टिम काय करते आणि का.

रंगपंचमी होऊन गेली. एका दुपारी रविराजचा फोन आला.

"टोळी उद्या सकाळी येतीये. कंटेनर लागलेला आहे, माल आलेला आहे. तुम्ही दोघं इथं पाहिजेत. दिवा लाल लागला तर यंत्र तुमच्याच गाडीत टाकून देतो."

सकाळी स्वराज आणि हर्षाली पोचले तेव्हा अंगणात ट्रॅक्टर लागलेले होते. क्रेटमधल्या द्राक्षांवर ओली गोणपाटं टाकलेली होती. रविराज दाराशी हाताची घडी घालून उभा होता, आणि बाजूला एका टेबलावर त्याने खरोखरच एक कोरी वही आणून ठेवली होती.

"मी म्हटलं तयारीत राहावं," तो हर्षालीला म्हणाला. "राग मानू नका, ताई."

"नाही मानत."

पहिली क्रूझर धूळ उडवत आली. बायका उतरल्या. कोणाच्या कानामागे अजून गुलाल होता, कोणाच्या काखेत पोर, कोणाच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं. दाराजवळ आल्या तशा त्यांचा आवाज कमी झाला. मागच्या वर्षीचं कोणी विसरलं नव्हतं. पुढच्या बाईने कार्ड काढलं, एकदा मागे वळून बघितलं, आणि टेकवलं.

लाल.

मागच्या बायकांत कुजबुज उठली. त्यांच्या कोकणा बोलीत कोणीतरी काहीतरी बोललं आणि दोघीचौघींनी गाठोडी परत डोक्यावर घेतली.

"झालं!" रविराजने हात झटकले. "झालं ना तेच? वर्षभर काय केलंत तुम्ही?"

स्वराजचा चेहरा उतरला. तो हर्षालीकडे बघत होता. हर्षालीने दिव्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, की दिवा बरोबर आहे.

"थांबा, भाऊ. दार बरोबर सांगतंय. मुकादम आल्याशिवाय टोळी रजेवरच आहे." ती बायकांकडे वळली. "भागीमावशी कुठे आहेत?"

"मागल्या गाडीत. वणीच्या पुढं पंक्चर झाली."

"कधी येतील?"

"काय ठावं. दुसरं चाकबी हवा सोडत व्हतं."

रविराज कपाळाला हात लावून टेबलाकडे निघाला. "म्हणजे ती येईस्तोवर माल उन्हात. वही काढा रे!"

"भाऊ, एक मिनिट. सविता कोण?"

बायकांनी मागे वळून बघितलं. मग मागून, पोराला कडेवर सावरत, पंचविशीची एक बाई पुढे आली. डिसेंबरात आतून ऐकलेलं हसू तिचंच असावं, पण आता ती हसत नव्हती.

"मी. काय झालं? मी काय केलं?"

"काही नाही. तुमचं कार्ड टेकवा."

"माझं?" सविताने कार्ड पुढे केलंच नाही. "मी कोण? मुकादम आई हाय. तिच्याआधी मी हात लावला तर ती मला जित्ती ठेवायची नाय."

"त्यांनीच तुमचं नाव दिलंय. त्यांच्या जागी तुम्ही."

"आईनं?" सविता म्हणाली. तिने मागच्या बायकांकडे बघितलं, जणू कोणीतरी ही थट्टा आहे असं सांगेल. "माझं नाव? आईनं?"

"टेकव गं!" मागून कोणीतरी ओरडलं. "सासू आली की राहून जाईल ते!"

सविताने पोर शेजारणीच्या हातात दिलं. कार्ड गळ्यातून काढलं आणि दोन्ही हातांनी धरून यंत्राला टेकवलं.

दिवा क्षणभर विझला. त्या क्षणात सिस्टिमच्या आत काय काय होतंय ते हर्षालीला पाठ होतं. कार्ड कोणाचं, पद कोणतं, पदावरची बाई कुठे, तिची बदली कोण, टोळी कोणती, रजा कोणत्या कामाची. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिने ठेवलेल्या रकान्यात होतं. एकही रकाना रिकामा नव्हता.

हिरवा.

दार फिरलं. सविता आत गेली आणि काचेपलीकडून वळून बघू लागली, जणू तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. मघाशी लाल दिवा लागलेल्या बाईने बिचकत कार्ड टेकवलं. हिरवा. पुढचीने टेकवलं. हिरवा. मग दोघींत अंतर राहिना. हिरवा, हिरवा, हिरवा, आणि दाराचा खडखडाट, आणि प्रत्येक दिव्याला अंगणातल्या ट्रॅक्टरवाल्यांची आरोळी. कोणीतरी शीळ घातली. सगळी गाडी आत गेली तरी शीळ चालूच होती.

रविराज टेबलाशी तसाच उभा होता. त्याने वही उचलली, उलटीसुलटी बघितली आणि वॉचमनच्या हातात दिली. "घरी ने. पोरांना होईल."

बायका हात धुऊन, टोप्या घालून, कात्र्या घेऊन बसल्याही होत्या तेव्हा दुसरी क्रूझर आली. भागीबाई गाडी पुरती थांबायच्या आधीच उतरली. पदर खोचलेला, दोन्ही हात चाकाच्या ग्रीसने काळे. ती तरातरा दाराशी आली आणि मोकळं अंगण बघून थबकली.

"टोळी कुठं हाय?"

"आत," हर्षाली म्हणाली. "कामाला लागली."

"माझ्याबिगर? उघडलं कुणी?"

"सविताने."

भागीबाई काचेतून आत बघू लागली. पहिल्या टेबलाच्या टोकाशी, जिथे मुकादम उभी राहते तिथे, सविता उभी होती. एका नव्या पोरीला घड कसा धरायचा ते दाखवत होती. तिने वर बघितलं, सासूला पाहिलं आणि झटकन एक पाऊल बाजूला सरकली. भागीबाईने ग्रीसचा हात वर करून तिला जागेवरच राहायची खूण केली.

"सांगितलंस ना तिला?" ती हर्षालीला म्हणाली. आवाजात राग आणायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही आला नाही.

"मी नाही, मावशी. दाराने सांगितलं."

भागीबाईने कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. ती लगेच आत गेली नाही. दिव्याकडे बघत उभी राहिली, मग कमरेचा छोटा फोन काढला. काळ्या बोटांनी नंबर दाबायला तिला जरा वेळ लागला.

इकडे रविराज स्वराजचा हात हातात घेऊन हलवत होता. "साहेब, आमच्या छाटणीवाल्या टोळ्यांनाही हेच लावायचं. आणि ते बदलीचं नाव सक्तीचंच ठेवा बरं का."

"ते हिचं आहे," स्वराज म्हणाला. "मी तर रिकामं सोडू दे म्हणत होतो." आणि सगळ्यांसमोर, अजिबात न अडखळता, तो हर्षालीकडे वळला. "तुझं बरोबर होतं. माझं चूक."

हर्षालीने नुसती मान हलवली. पण चेहरा आवरत नव्हता, म्हणून ती दाराकडे वळली. तिथे भागीबाईचा फोन लागला होता. समोरून दिंडोरीला गेलेल्या बायकांपैकी कोणीतरी बोलत असावी, कारण भागीबाई डोंगरात हाक घालावी तशी ओरडत होती.

"या गं परत समद्या! इथल्या दाराला आपला शिमगा कळतो!"